रानघोड्यांच्या वाट्याचं गवत

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात रानघोडे पकडण्यासाठी सरकार हाकारा घालतं, तो असा चालतो. दोन डोंगररांगांमधल्या सपाटीवर, जिथे सेजब्रशची करडी झुडपं आणि मधूनमधून गवताचे ठोंब एवढंच काय ते उगवतं, तिथे जाळीचं कुंपण नरसाळ्यासारखं उभं करतात. तोंडाशी रुंद, आत निमुळतं, आणि शेवटी लोखंडी कठड्यांचा वाडा. कित्येक मैलांवरून हेलिकॉप्टर घोड्यांचा कळप हाकत आणतं. कुंपणाच्या तोंडाशी शिकवलेला एक घोडा धरून ठेवलेला असतो. कळप जवळ आला की त्याला सोडतात, तो ओळखीच्या वाटेने थेट वाड्याकडे धावतो आणि धापा टाकणारा कळप त्याच्यामागे आत शिरतो. फाटक बंद होतं. मग नर एकीकडे, माद्या दुसरीकडे, सगळ्यांची रवानगी ट्रकमध्ये. त्यातले बहुतेक घोडे त्या डोंगरांत पुन्हा कधीच परतत नाहीत.

यात चोरून काही होत नाही. काम सरकारचं, पैसा करदात्यांचा, आणि लोकांना ठरावीक अंतरावरून ते बघायची मुभाही असते. पकडले जाणारे घोडे कायद्याने संरक्षित आहेत. ते गेल्यानंतर त्याच मैदानांवर गायी चरत राहतात, त्याही कायदेशीर परवान्यानेच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या घोड्यांची संख्या आवरायला हवी, याबद्दल मला शंका नाही. पण ती आवरण्याची आजची पद्धत क्रूर आहे, बेसुमार खर्चिक आहे, आणि मुळात ज्या हिशेबावर ती उभी आहे तो हिशेबच एका बाजूला कललेला आहे. घोड्यांसाठी नेमून दिलेल्या टापूंत गवतावरचा पहिला हक्क घोड्यांचा मानला पाहिजे, आणि तिथल्या पशुपालकांना त्यांच्या परवान्याची रास्त किंमत देऊन मोकळं केलं पाहिजे.

आधी जमीन समजून घेऊ. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. पश्चिमेकडच्या इतर राज्यांतही केंद्राचा वाटा मोठा आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एकट्या खात्याच्या ताब्यात साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. यातली सुमारे साडेपंधरा कोटी एकर जमीन गुरं आणि मेंढ्यांच्या चराईला खुली आहे. रानघोडे आणि रानगाढवं यांच्यासाठी ठरवलेले टापू सगळे मिळून २.७ कोटी एकरांच्या आसपास भरतात, आणि त्यांतल्याही बहुतेक टापूंत गुरांना चराईचे परवाने आहेत. १९७१ साली घोड्यांचा कायदा झाला तेव्हा ज्या प्रदेशात ते वावरत होते तो याच्या जवळजवळ दुप्पट होता.

जमीन एवढी अफाट असूनही भांडण होतं, कारण तिथे गवतच कमी आहे. ग्रेट बेसिन नावाचा हा सगळा पट्टा म्हणजे थंड वाळवंट. पाऊस तुटपुंजा, तोही बराचसा हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने. एका गायीला पोसायला कुठे शंभर एकर लागतात, कुठे त्याहून कितीतरी जास्त. पाण्याचे झरे मोजके, आणि एका झऱ्यावर गाय, घोडा, हरणासारखा प्राँगहॉर्न आणि सेजग्राउझ पक्षी सगळ्यांचाच डोळा.

या जमिनीची पहिली नासाडी घोड्यांनी केली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इथे गायी आणि मेंढ्यांचे प्रचंड कळप सोडले गेले. जमीन कोणाचीच नव्हती, म्हणून जो आधी पोचेल त्याचं गवत. बारमाही गवताचे ठोंब मुळापासून उखडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत चीटग्रास हे परदेशी गवत पसरलं. ते लवकर वाळतं आणि वणव्याला आयतं इंधन पुरवतं. १९३४ साली टेलर ग्रेझिंग कायदा आला तो हा गोंधळ थांबवण्यासाठी. जमिनीचे भाग पाडले गेले, परवाने आले, गुरांची संख्या ठरवून दिली गेली. पशुपालकांनाही तो कायदा हवाच होता, कारण बेबंद चराईत त्यांचाही तोटा होत होता. परवाना खासगी जमिनीला जोडलेला असे. ज्याच्याकडे पायथ्याशी स्वतःचं रान आणि पाणी, त्याला वरच्या सरकारी कुरणाचा परवाना. ही रचना आजही तशीच आहे. परवाना दहा वर्षांचा असतो आणि सहसा त्याच घराण्याकडे नव्याने जातो.

त्या व्यवस्थेत घोड्यांना जागाच नव्हती. गवत खाणारं बिनमालकाचं जनावर म्हणून त्यांना गोळ्या घालत, ट्रक आणि विमानं मागे लावून पळवून पळवून पकडत आणि कुत्र्यांच्या खाद्यासाठी कत्तलखान्यात पाठवत. १९५० साली नेवाडातल्या रेनो शहरात नोकरीला जाताना व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंना पुढच्या ट्रकमधून रक्त ठिबकताना दिसलं. त्यांनी ट्रकचा पाठलाग केला. आत कत्तलीला निघालेले रानघोडे होते. लहानपणी पोलिओने अधू झालेली, विमा कंपनीत सेक्रेटरीचं काम करणारी ही बाई पुढची वीस वर्षं या एका प्रश्नाला चिकटून राहिली. विरोधकांनी हिणवण्यासाठी ठेवलेलं ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ हे नाव तिने अभिमानाने मिरवलं. १९५९ साली मोटारी आणि विमानांनी घोडे पकडण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. शाळकरी मुलांनी पाठवलेल्या पत्रांचे ढीग वॉशिंग्टनला येऊन पडले, आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी रानघोडे आणि रानगाढवांच्या संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो एकमताने मंजूर केला होता. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगलेला असताना ही एकी झाली, हे विसरू नये.

त्या कायद्याने या घोड्यांना पश्चिमेच्या इतिहासाचं जिवंत प्रतीक म्हटलं आणि ते झपाट्याने नाहीसे होत असल्याचं नमूद केलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायद्यातली ‘रेंज’ची व्याख्या. घोड्यांचा टापू मुख्यतः घोड्यांच्या हितासाठी असेल, पण केवळ त्यांच्यासाठीच असेल असं नाही, असा तिचा आशय आहे. पशुपालक यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागावर बोट ठेवतात. पहिला अर्धाही तिथेच लिहिलेला आहे.

राज्यांनी या कायद्याला आव्हान दिलं. न्यू मेक्सिकोच्या पशुधन मंडळाने एका पशुपालकाच्या तक्रारीवरून सरकारी जमिनीवरची १९ रानगाढवं पकडून लिलावात विकली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ साली क्लेपी विरुद्ध न्यू मेक्सिको या खटल्यात न्यायालयाने एकमताने निकाल दिला की, केंद्राच्या जमिनीवरच्या वन्य जिवांचं रक्षण करण्याचा पूर्ण अधिकार काँग्रेसला आहे. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने हेलिकॉप्टरला मात्र परवानगी मिळाली. १९७८ साली सुधारणा होऊन ‘जादा’ घोडे ही संकल्पना कायद्यात आली. नैसर्गिक समतोल टिकावा म्हणून जादा घोडे ताबडतोब हलवावेत, असं बंधन ब्युरोवर आलं. किती म्हणजे जादा, हे ठरवायचं ब्युरोनेच.

सगळं घोडं तिथेच अडलं आहे. ब्युरोने प्रत्येक टापूसाठी घोड्यांची एक वरची मर्यादा ठरवली आणि त्या सगळ्यांची बेरीज आज, गाढवं धरून, साधारण साडेपंचवीस हजार होते. १९७१ साली, घोडे नाहीसे होत आहेत असं काँग्रेसने जाहीर केलं तेव्हाची मोजणी होती, गाढवं धरूनच, सुमारे २५,३००. ती मोजणी ढोबळ होती, खरी संख्या जास्त असावी, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. ज्या संख्येला देशाने धोक्याची संख्या मानलं, तीच पुढे कमाल मर्यादा कशी झाली? २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने हा सगळा कार्यक्रम तपासला. मर्यादा कशाच्या आधारावर ठरवल्या हे कळायला मार्ग नाही, ती पद्धत पारदर्शक आणि शास्त्राला धरून असावी, असा या समितीचा निष्कर्ष होता.

आता चाऱ्याचा हिशेब. चराई मोजण्याचं एकक आहे एका जनावराचा एक महिन्याचा चारा. वासरासकट एक गाय, एक घोडा किंवा पाच मेंढ्या यांना महिनाभर लागेल तेवढं गवत म्हणजे एक ‘पशुमास’ म्हणू. ब्युरोच्या जमिनीवर गुरांना अलीकडच्या काळात वर्षाला साधारण ८० ते ९० लाख पशुमास चारा मंजूर होतो. साडेपंचवीस हजार घोड्यांना वर्षभर लागतात सुमारे तीन लाख. मार्च २०२४ च्या अंदाजाप्रमाणे प्रत्यक्षात ७३,५०० घोडे आणि गाढवं होती. तेवढ्यांचे धरले तरी नऊ लाखांच्या आत. म्हणजे आजच्या ‘तिप्पट जादा’ संख्येतही घोड्यांचा वाटा गुरांच्या वाट्याच्या साधारण एक दशांश.

ही तुलना अर्धवट आहे आणि तिचा गैरवापर होतो, हेही मला ठाऊक आहे. गुरांचे पशुमास साडेपंधरा कोटी एकरांवर पसरलेले आहेत, घोडे २.७ कोटींत दाटलेले. एखाद्या टापूत मर्यादा दोनशेची आणि घोडे हजार असतील तर तिथल्या झऱ्याला देशभराच्या सरासरीने दिलासा मिळत नाही. पण हाच मुद्दा उलट बाजूनेही लावून पाहा. घोड्यांच्या टापूंबाहेर पशुपालकांकडे बारा कोटी एकरांहून जास्त जमीन उरते, जिथे घोडा ठेवायची मुभाच नाही. मग जी थोडी जागा कायद्याने मुख्यतः घोड्यांची ठरवली, तिथेही गवताचा मोठा वाटा गायींना का?

पशुपालकांची बाजू हलकी नाही. त्यांचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद असा की, गायीला आम्ही हलवू शकतो. परवान्यात महिने ठरलेले असतात. वसंतात खालच्या कुरणात, उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात घरच्या रानात. दुष्काळ पडला की ब्युरो संख्या कमी करायला लावतं आणि आम्ही गुरं विकतो. घोडा मात्र बाराही महिने तिथेच. गवताला कोंब फुटतो त्या नेमक्या आठवड्यांतही तो तिथेच असतो. घोड्याला वरचे पुढचे दात आहेत, गायीला नाहीत, त्यामुळे घोडा गवत जास्त बुडाशी कुरतडू शकतो. तो रवंथ करत नाही, म्हणून त्याच वजनाच्या गायीपेक्षा त्याला जास्त चारा लागतो. हे सगळं खरं आहे. काही ठिकाणी पहाडी सिंह शिंगरं मारतात, पण कळपाची वाढ रोखेल एवढा शिकारी बहुतेक टापूंत उरलेला नाही. लांडगा तर माणसानेच, बराचसा गुरांच्या रक्षणासाठी, संपवला. परिणामी कळप वर्षाला १५ ते २० टक्क्यांनी वाढतो आणि चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. निसर्गावर सोडा, आपोआप सगळं ठीक होईल, असं म्हणणाऱ्या घोडेप्रेमींनी ऑगस्टमध्ये आटलेल्या झऱ्याभोवती बरगड्या दिसणाऱ्या घोड्या उभ्या असतात त्याचा विचार करायला हवा. तहानेने मरणं हा संरक्षणाचा अर्थ असू शकत नाही.

घोडा मूळचा तिथला की उपरा, या वादात मी फार रमणार नाही. घोड्याची जात उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाली, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीशी झाली आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर परतली. एक पक्ष म्हणतो घरी परतला, दुसरा म्हणतो मोकाट सुटलेलं पाळीव जनावर. मधल्या दहा हजार वर्षांत तिथलं गवत, हवा, शिकारी सगळंच बदललं, हे पहिल्या पक्षाने मानावं. गाय तर त्या खंडात कधीच नव्हती, हे दुसऱ्याने.

पैशाकडे वळू. २०१९ ते २०२५ या काळात पशुपालक एका पशुमासाला सरकारला १.३५ डॉलर देत होते. १९७८ च्या कायद्यातल्या सूत्राने येणारी ही किमान रक्कम आहे आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने हा तळ कायम झाला. खासगी कुरणात तेवढ्याच चाऱ्याला पश्चिमेच्या राज्यांत वीस डॉलरच्या वर मोजावे लागतात. खासगी कुरणात कुंपण, पाणी, देखरेख मालकाची असते आणि सरकारी कुरणात ते बरंचसं परवानेदाराला करावं लागतं, म्हणून दोन्ही दर सारखे असावेत असं मी म्हणणार नाही. तरी फरक एवढा मोठा आहे की, सार्वजनिक गवत जवळजवळ फुकट वाटलं जातं असं म्हणणं भाग आहे.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. पकडलेले घोडे जातात कुठे? थोडे दत्तक दिले जातात. बाकीचे सरकारी कोंडवाड्यांत आणि ओक्लाहोमा, कॅन्ससकडच्या खासगी कुरणांत आयुष्यभर ठेवले जातात. अशा घोड्यांची संख्या साठ हजारांवर गेली. कोंडवाड्यात एका घोड्याला दिवसाला सुमारे पाच डॉलर खर्च येतो, कंत्राटी कुरणात दोन. २०२३ साली या कार्यक्रमावर साडेपंधरा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि त्यातले दहा कोटींपेक्षा जास्त नुसते पकडलेल्या घोड्यांच्या पोटावर. म्हणजे नेवाडातला फुकट मिळणारा चारा घोड्याच्या तोंडून काढून नाममात्र शुल्कात गायीला दिला जातो आणि त्या घोड्याला ओक्लाहोमात महिन्याला साठ डॉलरचा चारा विकत घेऊन घातला जातो. २०२२ साली कोलोरॅडोतल्या कॅन्यन सिटीच्या कोंडवाड्यात इन्फ्लुएन्झाची साथ येऊन १४० हून अधिक घोडे मेले. मोकळ्या रानात मैलोगणती फिरणारी जनावरं दाटीवाटीने कोंडली की असे आजार पसरणारच.

या खर्चाने प्रश्न सुटत असता तरी एक वेळ चाललं असतं. विज्ञान अकादमीच्या त्याच अहवालात म्हटलंय की, घोडे हलवत राहिल्याने मागे उरलेल्यांना चारा भरपूर मिळतो आणि कळप वेगाने वाढता राहतो. मग पुन्हा हाकारा, पुन्हा ट्रक.

उपाय नाही असं नाही. मेरीलँडच्या किनाऱ्यावर ॲसाटीग बेटावर राष्ट्रीय उद्यान सेवा १९९४ पासून घोड्यांना पीझेडपी ही गर्भनिरोधक लस देते. डुकराच्या अंडाशयातून मिळणाऱ्या प्रथिनापासून बनवलेली ही लस डार्टने लांबूनच टोचता येते. तिथला कळप हळूहळू खाली आला आणि हाकाऱ्याची गरज पडली नाही. माद्यांचं आयुष्यही लांबलं, कारण दर वर्षी गाभण राहून दूध पाजण्याची झीज थांबली. जे कर्कपॅट्रिक या शास्त्रज्ञाने आयुष्य या कामाला दिलं. वायोमिंगमधल्या मॅककला पीक्सच्या आणि माँटाना-वायोमिंग सीमेवरच्या प्रायर माउंटन्सच्या कळपांवरही डार्टचं काम चालतं. स्थानिक स्वयंसेवक एकेका घोडीला रंगावरून, कपाळावरच्या चांदावरून ओळखतात, कोणाला कधी लस दिली याची वही ठेवतात. हे चिकाटीचं काम आहे आणि मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

नेवाडाच्या सगळ्या टापूंत हे जसंच्या तसं जमणार नाही. डार्ट मारायला चाळीस-पन्नास मीटरवर जावं लागतं आणि लाखो एकरांत विखुरलेले, माणसाचा वास आला तरी उधळणारे घोडे तेवढ्या जवळ येऊ देत नाहीत. साध्या पीझेडपीचा परिणामही वर्षभराचा, मग पुन्हा डोस. अशा ठिकाणी पाणवठ्यावर आमिष ठेवून घोडे पकडायचे, माद्यांना जास्त टिकणारी लस द्यायची आणि परत सोडायचं, हा मार्ग आहे. गोनाकॉन लसीचे दोन डोस दिले तर परिणाम काही वर्षं टिकतो. यात खर्च आहे, माणसं लागतात, आणि निकाल दिसायला दहा वर्षं लागतील. पण कोंडवाड्यात घोडा वीस वर्षं जगतो, हे धरून हिशेब केला तर ही रक्कम किरकोळ ठरते. ब्युरोच्या अंदाजपत्रकात लसीकरणाचा वाटा इतकी वर्षं नगण्य राहिला, ही या कार्यक्रमाची सर्वांत मोठी चूक आहे.

लस संख्या आवरेल. वाटणीचा प्रश्न तरी उरतोच, आणि तो लसीने सुटत नाही. इथे मला पशुपालकांशी लढण्यापेक्षा सौदा करणं शहाणपणाचं वाटतं. रँच, म्हणजे पशुपालनाचं रान, विकत घेताना परवान्याची किंमत त्यात धरलेली असते, बँक कर्ज देताना ती मोजते. कायद्याच्या दृष्टीने परवाना मालमत्ता नसला तरी एका कुटुंबाचं आयुष्य त्यावर उभं असतं. तो एका फटक्यात काढून घेतला तर अन्याय होईल आणि भडकाही उडेल. २०१४ साली नेवाडातल्या बंकरव्हिलला क्लाइव्हन बंडी या पशुपालकाची गुरं जप्त करायला ब्युरोची माणसं गेली, कारण त्याने १९९३ पासून चराईचं शुल्क भरलेलं नव्हतं. बंदुका घेतलेले लोक समोर उभे ठाकले आणि सरकारने माघार घेतली. त्या दिवसाची धास्ती खात्यात अजून असावी.

म्हणून परवाने विकत घ्यावेत, ज्याला द्यायचा आहे त्याच्याकडूनच, आणि ते कायमचे निवृत्त करावेत. हे नवीन नाही. २००९ च्या सार्वजनिक जमीन कायद्याने आयडाहोच्या ओवायही भागात आणि ओरेगॉनच्या कॅस्केड-सिस्किउ परिसरात स्वेच्छेने सोडलेले परवाने कायमचे बंद करण्याची सोय केली. घोड्यांच्या टापूंसाठी तसाच कायदा का होऊ नये? टापूमध्ये गुरांची चराई बंद करण्याचा अधिकार ब्युरोच्या नियमांत आजही आहे, पण भरपाईची तरतूद नसल्याने तो वापरायला हात धजत नाही. कोंडवाड्यांवर जाणाऱ्या वर्षाच्या दहा कोटी डॉलरमधून या कामाला पैसा उभा राहू शकतो. देशाच्या एकूण गोमांसात सरकारी जमिनीवरच्या चाऱ्याचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या घरात आहे, त्यातल्या एका लहान तुकड्याने कोणाचं ताट रिकामं होणार नाही.

भरपाईवर मी एवढा भर का देतो, त्याचं कारण आपल्याकडे आहे. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, शहरांचे भाग सगळं त्यात आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल राग साठत गेला, आणि २०१२ साली क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आकसलं तोवर माळढोक जवळजवळ गेलेला होता. धनगराला आणि शेतकऱ्याला बाजूला ठेवून कागदावर केलेल्या संरक्षणाची किंमत आपण पाहिली आहे. नेवाडातल्या माणसांवर तीच पाळी आणू नये.

माणसांचा विश्वास गेला की काय होतं, याचं दुसरं उदाहरण म्हणजे वायोमिंगचा चेकरबोर्ड भाग. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीला एकाआड एक चौरस मैल जमीन बक्षीस मिळाली, त्यामुळे तिथे सरकारी आणि खासगी जमीन आलटून-पालटून आहे, मध्ये कुंपण नाही. घोडा एका दिवसात डझनभर वेळा मालक बदलतो. रॉक स्प्रिंग्जच्या पशुपालकांच्या संघटनेची एके काळी ठरावीक संख्येपर्यंत घोडे सहन करायची तयारी होती. ब्युरोने संख्या आवरली नाही, विश्वास गेला, संघटना न्यायालयात गेली, आणि २०२३ साली ब्युरोने तिथले मोठे टापू घोड्यांसाठी शून्य करण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२५ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे त्या भागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, त्या निर्णयावर बोट ठेवलं, कारण कायद्याला अपेक्षित असलेल्या नैसर्गिक समतोलाचा विचार ब्युरोने केलाच नव्हता. अशा गुंतागुंतीच्या जागी जमिनींची अदलाबदल हाच टिकाऊ मार्ग दिसतो. तो संथ आहे, पण खटल्यांतही पंधरा वर्षं गेलीच.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. २०१६ साली ब्युरोच्या सल्लागार मंडळाने कोंडवाड्यांतले, कोणी दत्तक न घेतलेले घोडे मारावेत किंवा कोणत्याही अटीविना विकावेत, अशी शिफारस केली. ब्युरोने ती नाकारली, पण ही कल्पना मरत नाही, अंदाजपत्रकाच्या प्रस्तावांतून ती डोकं वर काढत असते. अमेरिकेतले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले, तरी बिनशर्त विक्री म्हणजे सीमेपलीकडचा कत्तलखाना, हे सगळ्यांना माहीत आहे. सरकारने स्वतः पकडून, स्वतः कोंडून, मग खर्च परवडत नाही म्हणून त्यांना मारावं, याला माझा ठाम विरोध आहे. चुकीचं धोरण माणसांनी आखलं, त्याचा दंड घोड्यांनी का भरायचा?

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मराठी माणसं आज पुष्कळ आहेत, आणि हा प्रश्न त्यांचाही आहे. ती साडेचोवीस कोटी एकर जमीन नेवाडातल्या एल्कोच्या पशुपालकाइतकीच न्यू जर्सीतल्या जोशी-पाटलांच्याही मालकीची आहे. कुठल्याही टापूत मोठा हाकारा घ्यायचा, मर्यादा बदलायची किंवा चराईपरवाना नव्याने द्यायचा तर ब्युरो त्याचा मसुदा सहसा लोकांच्या हरकतींसाठी ठेवतं, बहुधा तीस दिवस. त्या हरकतींची दखल ब्युरोला घ्यावी लागते आणि पुढे न्यायालयात तोच कागद उपयोगी पडतो. त्यात तीन प्रश्न विचारावेत. या टापूत गुरांना किती पशुमास चारा दिला आहे आणि घोड्यांना किती? मागच्या हाकाऱ्यानंतर किती माद्यांना लस दिली? आणि इथले परवानेदार रास्त किमतीत परवाना सोडायला तयार आहेत का, हे त्यांना कधी कोणी विचारलं?